विहिरीमागचा दत्ताचा वाफा

त्या गारपिटीनंतर मी देवाशी अबोला धरला होता. सांज-सकाळ दिवा लावायची, पण मान वर करून दत्ताच्या तसबिरीकडे बघायची नाही. इकडे हिंदी मुलखात, तेलीबांध्याच्या पुढे आमचं थोडं वावर आहे. मोठ्या आजारातून उठल्यावर ह्यांनी तिथे टोमॅटो लावले आणि त्या वावरानेच माझा नवरा मला परत दिला. पीक ऐन तोडणीला आलं आणि एका दुपारी गारांनी ते झोडपून काढलं. आजारपणाच्या धावपळीत विमा काढायचा राहिला होता. पुन्हा लावायला हाती काही नव्हतं. ह्यांनी वावर विकायची भाषा सुरू केली. वावर गेलं की हे पुन्हा अंथरूण धरतील, अशी मला भीती होती.

विमा नसलेल्यांनाही सरकारी मदत मिळणार, पटवारी, म्हणजे इकडचा तलाठी, येऊन नुकसान बघणार, असं कळलं. पण कळलं ते पाडवा झाल्यावर. आमच्या घरी सासऱ्यांपासून वावरातही गुढी उभारतात. सडक्या पिकात गुढी कशी उभी करायची, म्हणून ह्यांनी आदल्याच दिवशी सगळी झाडं उपटून खताच्या खड्ड्यात टाकली होती. शेजाऱ्यांचं मोडकं पीक जागेवर होतं, आमचंच वावर तेवढं अंगणासारखं स्वच्छ.

विहिरीमागचा एक वाफा मात्र राहिला होता. तो दत्ताचा. त्यातला माल आम्ही विकत नाही, देवापुढे ठेवून वाटून टाकतो. ह्यांनी तो उपटायला सांगितला तेव्हा मी फणकाऱ्याने म्हटलं होतं, "ज्याचा आहे त्यानंच उपटावा. मी नाही हात लावत." त्यात भक्ती वगैरे काही नव्हती, निव्वळ राग होता.

पटवारी म्हणून एक तरुण मुलगी आली. रिकामं वावर बघून ती बुचकळ्यात पडली. "आंटीजी, यहाँ तो कुछ है ही नहीं। मैं क्या लिखूँ?" हे गुढीचं सांगू लागले, पण नुसत्या सांगण्यावर तिला काही लिहिता येत नव्हतं. ती निघाली. ऊन फार होतं, म्हणून मी तिला पाणी प्यायला विहिरीवर नेलं. खरं सांगते, वाफ्याची मला आठवणही नव्हती. पाणी पिता पिता तीच थांबली. "और ये?"

मोडलेली झाडं, फुटलेले टोमॅटो, सगळं जसंच्या तसं होतं. तिने फोटो काढले, खड्डा उकरून पाहिला, शेजाऱ्यांना विचारलं आणि तिथेच बसून पंचनामा केला. ती गेल्यावर हे विहिरीच्या काठावर बसले. "तू काहून ठेवला होता गं हा वाफा?" मला रडूच फुटलं.

मदत आली. फार नव्हती, पण पुन्हा रोपं लावण्यापुरती झाली. वावर विकायचा विषय संपला आणि मला रात्रीची झोप लागू लागली. शरण जायचं ते शांत मनाने, हात जोडून, असं मी समजत होते. मी तर रागाच्या भरात देवाचं देवावर टाकून दिलं होतं, आणि त्याने तेसुद्धा सांभाळलं.

मदतीचे पैसे हाती आले त्या संध्याकाळी दिवा लावताना मी मान वर केली. दुसऱ्या दिवशी नवी रोपं आणली, तेव्हा हे कुणी न सांगता आधी चार रोपं घेऊन विहिरीमागे गेले.