गोझोची बोट

दादा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. पितृपक्षात एका दुपारी इंदिरानगरच्या आमच्या घरी फोन आला. जहाजावर त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं आणि माल्टाशेजारच्या गोझो नावाच्या छोट्या बेटावर ऑपरेशन झालं होतं. पण ताप उतरत नव्हता. बाबांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून आईबरोबर मी निघाले. व्हिसा हाती येईपर्यंत नवरात्र बसलं. माल्टाच्या विमानतळावरून इस्पितळात फोन केला, तेव्हा कळलं की उद्या सकाळी पुन्हा पोट उघडणार आहेत. धोका आहे, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. आईला एकच हवं होतं. त्याला आत नेण्याआधी एकदा त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा.

आई दर नवरात्रात सप्तशृंगीसाठी अनवाणी राहते. विमानातही तिने पायात काही घातलं नव्हतं. माझा मात्र तेव्हा देवीपेक्षा वेळापत्रकावर विश्वास जास्त. बसने बेटाच्या पार टोकाला जायचं, तिथून गोझोची बोट, एवढं मी पाठ केलं होतं. पिवळ्या जुनाट बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर मेरीमातेची तसबीर होती, तिला कागदी फुलांचा हार. आईने आमच्या एसटीत करावा तसा तिला नमस्कार केला. बाहेर वारा इतका होता, की बसच्या काचा थडथडत होत्या.

"बोट मिळेल ना ग?" आईने विचारलं.

"मिळेल."

"इंग्रजी शाळेत घातलं ते कशाला? विचार की कोणाला तरी."

मी पर्समधला वेळापत्रकाचा कागद पुन्हा उघडला. अनोळखी माणसाशी आपणहून बोलणं मी आजही टाळते.

तेवढ्यात मागच्या सीटवरची एक म्हातारी पुढे वाकली. काळा झगा, हातात पावाची पिशवी. तिने आईच्या पायांकडे बोट दाखवून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "नवस? कुणासाठी?"

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "सांग तिला, दरवर्षीचं आहे. यंदा लेकासाठी."

म्हातारीने मान हलवली. "मीही अशीच अनवाणी चालत गेले होते, मेरीमातेच्या देवळापर्यंत. नवऱ्यासाठी. बरा झाला तो. आता रोज माझ्याशी भांडतो."

मी हे मराठीत सांगितलं आणि आई घरी आलेल्या त्या फोनानंतर पहिल्यांदा हसली. मग लेक कुठे आहे, हे म्हातारीने विचारलं. गोझो म्हणताच तिने उठून बसची दोरी ओढली. "या वाऱ्यात बोट टोकावरून सुटत नाही. इथून, शहराजवळच्या धक्क्यावरून सुटते. उतरा."

ती स्वतःही आमच्याबरोबर उतरली. धक्क्यावर बोटीत शेवटच्या गाड्या चढत होत्या. तिने एका भाजीच्या ट्रकवाल्याला थांबवलं, त्यांच्या भाषेत दटावल्यासारखं काहीतरी सांगितलं आणि आईचे दोन्ही हात क्षणभर धरून निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. समुद्राने बोट भलतीच हलवली, पण पलीकडे उतरल्यावर ट्रकवाल्याने आम्हाला टेकडीवरच्या इस्पितळाच्या दारात सोडलं.

दादा जागा होता, ओळखू येणार नाही इतका वाळलेला. आईने सप्तशृंगीच्या गडावरचा अंगारा त्याच्या कपाळाला लावला आणि हात तसाच डोक्यावर ठेवला. "आलात होय," एवढंच तो म्हणाला. सकाळी त्याला आत नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. त्यांचं लांबलचक बोलणं ऐकून आईने माझा दंड धरला. "काय म्हणतात?"

"पू सगळा काढला. आता बरा होईल, म्हणतात."

आई तिथेच बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून खूप रडली. मला मात्र फार दिवसांनी भूक लागली.

वाऱ्याच्या दिवशी बोट दुसऱ्या धक्क्यावरून सुटते, हे तिथल्या कुणालाही ठाऊक असतं, असं नंतर नर्सने सांगितलं. म्हणजे चमत्कार काहीच नाही. पण टोकाला गेलो असतो तर त्या दिवशी बोट चुकलीच असती. आमच्या मागे त्याच बाईने बसावं, हे मी ठरवलेलं नव्हतं. ठरवण्यासारखं माझ्या हातात फार थोडं होतं, हे तिथे मुकाट्याने कबूल केलं आणि मन हलकं झालं. घरी आल्यावर आम्ही तिघं गडावर गेलो. दादा पायऱ्या सावकाश चढत होता. आई मागून, त्याला घाई करू नको म्हणत. देवीसमोर मला काही मागायचं सुचलं नाही. त्या बाईला सुखी ठेव, एवढं म्हटलं.