वीस मिनिटांवरचा दगड

ऑफिसात त्याला ‘केसभर’ म्हणत. डोक्यावर तेवढेही उरले नव्हते, पण ‘केसभर फरक खपवून घेणार नाही’ हे वाक्य दिवसातून दहादा तोंडी. जमिनीचे चढउतार मोजून, पुराचं पाणी कुठवर चढेल त्याची निळी रेघ नकाशावर काढायची, हे त्याचं काम. नव्या पोरांना तो शिकवी, ‘उंचीच्या एका खुणेवरून निघा, दुसरीवर जाऊन ताळा घ्या. ताळा नाही ते माप नाही, गप्पा आहेत.’

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तळं बुजवून उभ्या राहिलेल्या त्या नव्या वसाहतीत तो ओढ्यावरच्या पुलाच्या खुणेवरून निघाला. दुसरी खूण म्हणजे टेकडीखालचा जुना दगड, वीस मिनिटांच्या वाटेवर. ऊन डोक्यावर आलं होतं, भूक लागली होती, डबा गाडीला टांगलेला होता. पूल काय पळून जाणार आहे, असं म्हणून त्याने वहीत ‘ताळा जुळला’ लिहिलं आणि सावलीत बसून पोटभर जेवला.

तो मोजणीची दुर्बीण आवरत असताना समोरच्या तळमजल्यावरची शिवणवाली बाहेर आली. घरातच तिची तीन मशिनं होती.

“भाऊ, माझं घर रेघेच्या आत की बाहेर? वरची खोली रिकामी झालीय. मशिनं वर न्यायची का, तेवढं सांगा.”

“बाहेर, ताई. चांगलं हातभर वर आहात. कशाला जिने चढताय?”

तिने वरची खोली घ्यायचा विचार सोडून दिला.

पुढच्याच पावसाळ्यात तिच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. पूल पळून गेला नव्हता, भरावात दोन हात खाली बसला होता; त्यावरून मोजलेली प्रत्येक उंची तेवढीच जास्त निघाली होती. दगडापर्यंत गेला असता तर त्याला हे त्याच दुपारी कळलं असतं. ऑफिसात वही कुणी उघडली नाही. त्यानेही अळीमिळी गुपचिळी धरली, आणि पाण्याच्या खुणा मोजायला त्यालाच तिथे धाडलं.

मशिनं अंगणात उपडी पडली होती, चाकं गंजून जाम झालेली. तो तोंड चुकवून भिंतीवरचा डाग शोधू लागला, तर तिनेच पुढे होऊन मोजायची पट्टी भिंतीशी उभी धरली.

शेजारीण म्हणाली, “याच साहेबांनी तुझं घर रेघेबाहेर सांगितलं होतं ना गं?”

“त्यांचा काय दोष? बिचारे भर उन्हात मोजत होते, मी पाहिलंय ना. पाणीच यंदा वेड्यासारखं आलं.”

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याने मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या. त्या ‘बिचारे’नं तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

“पाणी नाही चुकलं, ताई,” तो म्हणाला. “मी चुकलो. पूल खचला होता. टेकडीखालच्या दगडावर जाऊन तपासायचं असतं. मी गेलो नाही. गेलो असं लिहिलं.”

तिने मान वळवून टेकडीकडे पाहिलं.

“लांब आहे का तो दगड?”

“वीस मिनिटं.”

“मग का नाही गेलात?”

खोटं सांगायला उशीर झाला होता. “जेवायचं होतं,” तो म्हणाला.

तिने एकदा मशिनांकडे पाहिलं. मग पट्टी हळूच भिंतीला टेकवून ठेवली, पदराला हात पुसले आणि आत गेली.