ढकलून पाहणारे साहेब

"एका टायमाले एकच हलव गा!" असं म्हणताना साहेब एक बोट नाकासमोर उभं धरायचे आणि समोरच्याचा हात हळूच पॅनलवरून बाजूला करायचे. तो हात बहुतेक वेळा माझाच असे.

कोराडीच्या वीजकेंद्रात आम्ही एकाच विभागात. बॉयलरचं गणिती मॉडेल बनवणं हे साहेबांचं काम, त्यात लुडबुड करणं हे माझं. बॉयलरला कोळसा, हवा, पाणी द्यायचं आणि वाफेचा दाब, तापमान, आतल्या पाण्याची पातळी मोजायची. गंमत अशी, की नुसता कोळसा जरा वाढवला तरी सगळेच आकडे हलतात. कुणी लगेच, कुणी सावकाश, कुणी आधी उलटंच. म्हणून साहेब एक गोष्ट किंचित ढकलायचे, बाकीच्या धरून ठेवायचे, आणि कशानं काय किती हललं त्याची समीकरणं मांडायचे. एकदा मी घाईत कोळसा आणि पाणी एकदमच वाढवलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "आता कोनाच्यानं कोन हललं? मले का सपन पडन?"

घरीही तेच. वहिनी सांगायच्या, "भाऊजी, वरणातलं मीठ अन् तिखट एका दिवशी बदलू देत नाही हा मानूस!"

मग वहिनींचं हृदय थकलं, पाठोपाठ किडनी. लघवीची गोळी वाढवली की पायांची सूज उतरे आणि किडनी बिघडे. कमी केली की दम लागे. साहेब डॉक्टरांना म्हणाले, "एका वेळी एकच गोळी बदला ना. कशानं काय होते ते समजन."

डॉक्टर भले होते. "काका, तेवढा वेळ आपल्याजवळ नाही," म्हणाले, आणि सगळी औषधं एकदम बदलली.

वॉर्डात मॉनिटरवर आकडे हलत होते. धीर द्यावा म्हणून मी बोलून गेलो, "साहेब, तुमचं ते मॉडेल..."

"बॉयलरले ढकलून पाहता येते गा," ते हळू म्हणाले. "हिले कसा ढकलू?"

नवल म्हणजे वहिनी सावरल्या. फेब्रुवारीत घरी आल्या, उशीला टेकून बसल्या, माझ्या स्वेटरला हसल्यासुद्धा. तो बायकोनं विणलेला, एक बाही लांब. पण बरं वाटलं ते कशानं? साहेबांना उमगेना. मग त्यांनी काहीच हलू द्यायचं नाही असं ठरवलं. पलंग तिथेच, पडदा तेवढाच उघडा, तांब्या डाव्या हाताला. आणि रोज संध्याकाळी त्याच खुर्चीत, त्याच स्वेटरमध्ये मी.

नागपूरचा मार्च तुम्हाला काय सांगावा!

"डोकं फिरलं काय दोघांचं?" माझी बायको म्हणे.

"भाऊजी, काढा ना ते. उकडून राहिलं असन," वहिनी म्हणत.

मी साहेबांकडे पाही. ते नुसते बघत. मी वरचं बटणही लावून घेई.

एप्रिलात एका संध्याकाळी, मी तसाच घामाघूम बसलेलो असताना, वहिनी गेल्या. पडदा तेवढाच उघडा होता.

आसपासचे लोक जमू लागले. साहेब उठून माझ्यापुढे आले आणि माझ्या स्वेटरची बटणं एकेक करून काढू लागले.

"काढ गा आता," म्हणाले. "गरमी हाये."