पुतळ्यात गेलेली वखराची पास

काकांइतका चिकट माणूस अख्ख्या दिग्रस तालुक्यात झाला नसेल, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. ते माझ्या वडिलांचे मित्र. वडील कचेरीत कारकून, काका जवळच्या तांड्यावरचे शेतकरी. बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर चहा प्यायचे आणि किराण्याच्या पुडीचा दोरासुद्धा आईकडून मागून न्यायचे. त्यांच्या घरात तळ नसलेली बादली होती, चाकं नसलेली सायकल होती, आणि आम्ही फेकून दिलेली छत्री मी एकदा त्यांच्या वांग्यांत बुजगावण्याच्या हातात पाहिली. विचारलं तर म्हणाले, "वस्तू म्हातारी झाली म्हून हाकलून देतेत का?"

दहा-बारा वर्षांपूर्वी नर्मदेकाठच्या त्या उंच पुतळ्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून जुनी लोखंडी अवजारं गोळा होत होती. मंडळी तांड्यावरही आली. कुणी दांडा नसलेली कुऱ्हाड दिली, कुणी बोथट विळा. काका घरात गेले आणि वखराची पास, म्हणजे त्याचं माती कापणारं लोखंडी पातं, घेऊन आले. लोहाराकडून नुकतीच घडवून आणलेली, चांगल्या धारेची. काकू दारात आडव्या झाल्या. "एवढी अडगळ सोडून कामाची पास काहून देऊन राह्यले? वखरणी कायनं करसान?"

काका शांतपणे म्हणाले, "मागणारा दारात आला. त्याले मोडकं कसं द्याव?"

त्या हंगामात त्यांनी शेजाऱ्याची पास मागून वखरणी केली. काकूंनी चार दिवस भाजीत मीठ घातलं नाही. काकांनी तीही भाजी वाया घालवली नाही.

पुतळा उभा राहिला आणि काकांना जणू नवा नातेवाईक मिळाला. यवतमाळच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते पुसदचं भाडं विचारावं तितक्या सहज सांगत, "गुजरातेत आपलं बी थोडं लोखंड हाय." टीव्हीवर पुतळा दिसला की काकूंना हाक मारत, "ये लवकर, आपली पास दाखवून राह्यले." काकू चुलीवरून मान वर करत नसत.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी दोघांना तिथे घेऊन गेलो. पायथ्याशी पोचताच काकांनी पहारेकऱ्याला विचारलं, "दिग्रस तरफ का लोहा किधर लगा है?"

तो हसला नाही. म्हणाला, "बाबा, सब पिघलाकर एक कर दिया. अब कौन बताए."

काका काकूंकडे वळले. "ऐकलं? म्हंजे सगळीकडं हाय."

काकूंनी डोक्यावरचा पदर सांभाळत बराच वेळ वर पाहिलं. "चांगली धार होती तिले," एवढंच म्हणाल्या.

काकांना लिफ्टची धास्ती. ते म्हणाले, "तू जा. वरून मी दिसतो का, पाह्यजो." वर गेलो. नदी दिसली, धरण दिसलं, डोंगर दिसले. खालची माणसं मात्र तिळाएवढी. उतरलो तर काका रुमाल हातात घेऊन उभे. "एवढा वेळ हालवून राह्यलो होतो. दिसलो ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी ते साऱ्या तांड्याला सांगितलं.

गेल्या वर्षी काका गेले. भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "तेवढ्या उंचावरून ते तुले दिसले नसतीन. मले तवाच समजलं होतं."

मी मान खाली घातली. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "लय खूश होते ते."