कोफीची गादी

कोफी ऑफिसच्या खुर्चीतून उठला की ती टेबलाला टेकवून कलती करून ठेवायचा. "रिकाम्या आसनावर भलतासलता आत्मा येऊन बसतो," असं शांतपणे सांगायचा. परदेशातल्या या शहरात, हार्बरफ्रंट भागातल्या आमच्या शिपिंग कंपनीत सगळे हसायचे. मीही.

तो घानाचा, अकान समाजातला. सेरंगून भागातल्या आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा आईने माझ्या दोन मुलींकडे बघत नेहमीचं पालुपद लावलं होतं, "घराणं पुढे कोण चालवणार?" मी त्याला ते इंग्रजीत सांगितलं.

"आँटी, आमच्यात घराणं मुलींकडूनच चालतं," तो म्हणाला. "राजाची गादी त्याच्या मुलाला नाही, बहिणीच्या मुलाला मिळते. कुठल्या भाच्याला, ते राजमाता सुचवते."

मी ते आईला मराठीत सांगितलं. मग कोफीच्या ताटात न विचारता आणखी एक थालीपीठ पडलं.

मागच्या वर्षी त्याचे मामा गेले. ते त्यांच्या गावचे राजे. राजमातेने, म्हणजे कोफीच्या आईने, त्याचंच नाव पुढे केलं. मी अभिनंदन करायला गेलो, तर हा हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, भात चिवडत बसलेला.

"राजाला असं चारचौघांत जेवता येत नाही, बॉस. माझ्याशी सरळ कोणी बोलणारही नाही. मधे एक माणूस असतो, त्याच्यामार्फत बोलायचं. मी एकटा पडेन रे."

"मग नाही म्हण."

"आईला? तुला जमलं असतं?"

मला जमलं नसतं. तो गेला.

गादीवर बसल्यानंतर काही महिन्यांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. अंगावर झळझळीत वस्त्र, शेजारी सोनेरी मुठीची काठी घेतलेले एक आजोबा. मी "कसा आहेस?" विचारलं. आजोबांनी ते त्याला सांगितलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं, "राजे कुशल आहेत."

तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला. "किती वाळलायस रे! डोळे बघ कसे खोल गेलेत! वेळेवर जेवायला काय होतं तुला?"

भाषा कळली नाही, तरी सूर कळायचा तो कळलाच. कोफीच्या मागे उभी असलेली माणसं चपापली. आजोबा काठी सावरत पुढे झाले. कोफीने हात वर करून त्यांना थांबवलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

आजोबा कॅमेऱ्यासमोर वाकले. "राजे म्हणतात, राजाला सगळ्यांदेखत रागवायचा अधिकार इथे फक्त राजमातेला असतो. त्यांनी चालू ठेवावं."

मी आईला ते मराठीत सांगितलं. तिने पदराने डोळे टिपले आणि लगेच त्याच्या झोपेचा विषय काढला.