सोसणारे पद्माकर

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसात पद्माकरांचं नाव होतं ते एवढ्यासाठी, की या माणसानं कधी कसली कुरकूर केली नाही. २००६ च्या त्या सकाळी हॉस्पिटलात बायकोला, साधनाला, नेमका त्याचाच संताप येत होता.

छातीला छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून त्यांच्या फुप्फुसातली गाठ काढली होती. बरगड्यांच्या नसा बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा असर ओसरला, तसे पद्माकर अर्धाच श्वास घेऊ लागले. खोकून कफ काढला नाही तर न्यूमोनिया होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सिस्टरनं विचारलं, "शून्य ते दहा, किती दुखतंय?"

"दोन," पद्माकर हसून म्हणाले.

सिस्टर निघाली. लग्नापासून साधनानं चारचौघांत नवऱ्याचा शब्द खोडला नव्हता. आज तिनं सिस्टरला थांबवलं.

"अहो, खोका."

"कशाला त्यांना त्रास? देवाच्या कृपेनं सोसतंय मला."

"देवाला मध्ये आणू नका. रोज हात जोडते मी त्याला. तुमचं दुखणं त्यानं नैवेद्यात मागितलेलं नाही. खोका म्हणते ना."

पद्माकर खोकायला गेले आणि कूस धरून पांढरेफटक पडले.

"आठ," ते सिस्टरसाठी जर्मनमध्ये पुटपुटले.

डॉक्टरांनी येऊन नसा पुन्हा बधिर केल्या. थोड्या वेळानं साधनानं त्यांच्या कुशीला उशी दाबून धरली आणि ते छाती भरून खोकले.

"परत," ती म्हणाली. राग उतरला नव्हता. घरी नेईपर्यंत तो उतरू द्यायचाही नव्हता.