माळावरची सोललेली झाडं

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हाती आलेलं झाडांचं प्रकरण अजून मनातून जात नाही. नावं कुणाचीच सांगत नाही.

दक्षिण सोलापुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच मंद्रूपच्या बाजाराला येणाऱ्या एका गावातली विधवा बाई ठाण्यात आली. तिच्या मुरमाड रानात लिंब, चिंच, करंज अशी झाडं होती. परदेशातली एक कंपनी आपल्या धुराची भरपाई म्हणून ती झाडं राखण्याचा मोबदला देणार होती. गावात याला सगळे 'कार्बनची योजना' म्हणत. बांधावर बाईच्या फोटोचा फलकही लागला होता. झाडांची मोजणी आठ दिवसांवर आली आणि कुणीतरी बुंध्यांची साल गोल सोलून काढली. असं केलं की झाड उभ्या उभ्या वाळतं.

"चाळीस झाडं हायती, साहेब. लेकरागत वाढवली," ती म्हणाली.

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली. खरं सांगतो, मी मनातून चिडलो होतो. माझ्याच बॅचचा एक अधिकारी त्याच आठवड्यात नवी पेठेतल्या चोरीचा छडा लावून पेपरात फोटोसकट झळकला होता. आणि माझ्या वाट्याला काय, तर लिंबाची साल!

दुपारी गावातून खबर आली, धनगराला धरा. झाडांसाठी त्या रानातली चराई बंद झाल्यापासून त्याचं आणि बाईचं वाजलं होतं. हेतू मिळाला, संशयित मिळाला. प्रकरण लवकर निकाली काढायचं म्हणून पंचनाम्याच्या वेळीच मी त्या म्हाताऱ्याला जागेवर नेलं. तो एका बुंध्याशी उकिडवा बसला आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवू लागला.

"शेरडं साल दातानं वरबाडत्यात, साहेब. ही विळ्यानं कापलीया."

"तुझ्याकडं विळा नाही?"

"हाय की. पर म्या कापली आसती तर समदी कापली आसती. हितं बगा."

एका चिंचेवर आणि तिच्यापुढच्या काही झाडांवर चार बोटं रुंदीची सालीची पट्टी तशीच सोडली होती.

"एवढी साल ऱ्हायली की झाड जगतंय. कापनाऱ्याला ते ठावं हाय. त्येचा हात थांबलाय," तो म्हणाला.

मी त्याला घरी जाऊ दिलं. वैऱ्याचा हात असा थांबत नाही. मग मालकिणीला विचारलं, या झाडांना पाणी कोण घालत होतं?

"मी अन् शेजारीण. तीन उन्हाळं डोईवरनं घागरी आनल्या."

"मग फलकावर ती कशी नाही?"

"सातबारा माज्या नावचा हाय न्हवं," ती सहज म्हणाली.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवत नाहीत. महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी शेजारणीच्या घरी गेलो. तिनं चहा दिला. कोणताही प्रश्न विचारला तरी उत्तर एकच, "मला काय ठावं?" शेवटी मी वही मिटली आणि त्या बॅचवाल्याच्या पेपरातल्या फोटोची गोष्ट तिला सांगितली.

"दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही, ताई. घरी आलेला पेपर फाडून टाकला."

पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं. "फाडला?"

"फाडला."

तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "मी फलक फाडाया गेलते. पत्र्याचा निगाला. फाटंना, तवा विळा चालवला. लई आग पडली वो जिवात. समदी म्हनत्यात, तिनं माळाचं रान केलं. मग मी कुटं व्हते? पैका नगं हाय मला. एकदा तरी तिच्या तोंडातनं यावं की न्हाय, आमी दोगींनी केलं?"

"मग हात का थांबला?"

"ती चिंच पयल्या उन्हाळ्यात मराया टेकलीती. माजं लुगडं बांधून सावली केलती तिला. तितनं फुडं विळा नेटानं चालंना."

मालकिणीला हे कळलं तेव्हा ती ठाण्यातून तडक निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. मला वाटलं, तक्रार मागे घेईल. हा आगळीकीचा, म्हणजे नुकसान केल्याचा गुन्हा आपसात मिटवता येतो, असं मी तिला सांगितलंही.

"आत्ता न्हाय मिटवायचं," ती म्हणाली. "तिनं कापली ते लिवा. अन् त्येच्याखाली लिवा, निम्मी झाडं तिनंच जगवलीती. म्या कुनाला सांगितलं न्हाय, ही माजी चूक."

मी पुरवणी जबाब घेतला. तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

पुढे कोर्टात दोघींची तडजोड झाली. पूर्ण सोललेली झाडं वाळली, पट्टी राहिलेली जगली. कोर्टाच्या आधीच, मोजणीच्या दिवशी, मालकिणीनं कंपनीच्या माणसांपुढे शेजारणीचं नाव घेतलं. शेजारीण मात्र तिकडे फिरकली नाही.

प्रशिक्षणात आम्हाला हेतू शोधायला शिकवतात, आणि आम्ही तो वैऱ्याच्या दारात शोधतो. पण मत्सर परक्यावर फारसा जळत नाही. ज्यानं आपल्याबरोबर घाम गाळला आणि ज्याचं एकट्याचं नाव झालं, त्याच्यावरच तो जळतो. त्या प्रकरणानंतर फिर्याद घेताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो. तुमच्याबरोबर आणखी कोण राबत होतं? बहुतेक माणसांना उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.